कोरड्या बोअरवाले अण्णा

बोअरला पाणी लागलं नाही की दिवस मावळायच्या आत अण्णा तिथं हजर. खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराला बांधलेला माईक, पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप. घरचे सगळे तोंड पाडून बसलेले, आणि हा माणूस विचारणार, "बोअरच्या तोंडावर दगड ठेवायच्या आधी धा मिनटं माईक सोडू का आत?"

बिदरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायचो, तिथंच अण्णा कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांचं गाव कमठाणा. कोरड्या बोअरमध्ये खडा टाकायचा, तो खाली जातानाचा आवाज पकडायचा आणि लूपच्या पेडलमध्ये भरायचा, हा त्यांचा नाद. पायानं दाबलं की तोच आवाज फिरून फिरून वाजत राहायचा. त्यावर दुसऱ्या गावचा बोअर, त्यावर तिसऱ्या. मग लॅपटॉपवर एकेक आवाज लहानमोठा करत बसायचे. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, ह्यात गाणं कुठं हाय?"

"गाणं कामून पायजे तुला? हरेक बोअरचा सूर येगळा हाय. गप ऐक की जरा."

आणि खरं सांगतो, पाचव्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला. खूप खोल कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत होतं.

चाळीस मिनिटांचं ते संगीत शेवटाला अडलं होतं. शेवटी त्यांना पाणी हवं होतं. बोअर पाडताना धुरळ्याचा चिखल होतो आणि पाणी उसळतं, तेवढा एकच आवाज. "इंटरनेटवर मिळंल की," मी म्हणालो. अण्णा भडकलेच. "मग बोअरबी तिथलेच घेतले असते की! आपल्या मातीतलं पायजे."

पण पाण्याच्या ठिकाणी त्यांना बोलवणार कोण? अण्णा दिसले की पाणी लागत नाही, असं पंचक्रोशीत झालं होतं. अहो, पाणी लागलं नाही म्हणून ते यायचे! पण सांगून पटतंय कुणाला. एका शेतात बोअर पाडायच्या आधीच्या पूजेला आलेल्या म्हातारीनं त्यांना बघून हातातला नारळ पदराखाली घेतला. अण्णांनी गाडी वळवली. दुपारी शाळेत त्यांनी डबा उघडला नाही.

जनवाड्याला आमच्या रानात बोअर पाडायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी मला स्टाफरूममध्ये गाठलं. "कोपऱ्यात उभारतो. कुणाला दिसणारबी न्हाई. बोलावशील न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो. घरी अप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच बोलले, "त्या माणसाला आणू नको." मी फोन केला नाही. अप्पांवर ढकलण्यात काय अर्थ आहे? एवढा शिकलासवरलेला मी, मलाही भीती वाटली होती.

पाणी लागलं. सोमवारी अण्णांनी अवाक्षरानंही तक्रार केली नाही. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "कसा आवाज आला रे?"

पाणी उसळलं तेव्हा मी नुसता बघत होतो. ऐकलंच नव्हतं.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचा बोअर आटला. तोवर अण्णा शाळा सोडून हैदराबादला कुठल्याशा ऑफिसात लागले होते. मी फोन लावला. "या अण्णा. पाहिजे तेवढा वेळ माईक सोडा. कुणी अडवणार न्हाई."



"पेडल विकलं रे," ते म्हणाले. "आन् कोरडे लई हायत माझ्याकडं."

मग त्यांनी अप्पांची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.