भरलेला डबा हळू बोलतो

काका उजवी मूठ कानाजवळ नेत, दोन झटके देत, डोळे बारीक करून ऐकत आणि मग निकाल सांगत, "बोलतंय."

नारळ असला तर ठीक आहे, नारळ कोणीही वाजवून बघतो. पण काका काडेपेटी हलवत, औषधाची बाटली हलवत, लग्नात आलेला आहेराचा खोका नवऱ्यामुलाच्या मामासमोर उचलून हलवत. एकदा माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, हलवलं आणि गंभीर चेहऱ्यानं परत केलं. "हे गप हाय, पावणं. दुकानात दाखवा."

आमची घरं मंगळवार पेठेत समोरासमोर. इतकी वर्षं रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघून दात घासले, तरी त्यांच्या लेखी मी पावणाच. बढती मिळाली नाही ती नाहीच.

ही हलवण्याची सवय त्यांना लागली ती गाडी रंगवल्यापासून. तुम्ही नीट पाहिलं असेल तर प्रत्येक गल्लीत एक असा माणूस असतो, जो दुसऱ्याचं काम पाच मिनिटं बघतो आणि म्हणतो, "यात काय हाय? घरात होतंय की!" काका त्या जातीचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी खिडकीची चौकटसुद्धा रंगवली नव्हती. आणि एक दिवस मोबाईलवर कुठलासा गोरा गृहस्थ घरच्या अंगणात गाडीवर स्प्रे मारताना त्यांना दिसला. झालं.

पण त्यामागं कारण होतं, आणि ते खेळाचं नव्हतं.

त्यांची गाडी होती छोटी, जुनी, बुटकी. मूळचा रंग मोतिया. छपरावर आणि बॉनेटवर रंगाचे पापुद्रे सुटले होते, नायटा झाल्यासारखे. मुलगा नोकरीसाठी तिकडं पुण्याला. त्याचा फोन आला की काका स्पीकर लावत, त्यामुळं त्यांच्या घरातली कुठलीच गोष्ट आम्हाला दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे. गणपती गेल्यावर एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, दसऱ्याला आलो की ही देऊन टाकू. दारात भंगार दिसतं. चांगली उंच गाडी घेऊ."

'उंच' शब्द ऐकला आणि आतून काकूंच्या हातातली पळी खाली पडली.

काकूंचे गुडघे गेले होते. या बुटक्या गाडीत त्या पाटावर बसल्यासारख्या आधी पाठमोऱ्या टेकत, मग दोन्ही पाय एकदम आत वळवत. कुणाचा हात लागत नसे. एकदा भाच्याच्या उंच गाडीत बसायची वेळ आली, तर दोघांनी खालून ढकललं आणि एकानं वरून ओढलं. "पोतं चढवल्यागत चढवलं मला," असं त्या सांगत, आणि पुन्हा त्या कधी तशा गाडीत बसल्या नाहीत. दर रविवारी काका-काकू गगनबावड्याला जात. धुक्यात गाडी उभी करत, काचा वर करून गरम भजी खात आणि परत येत. एवढंच. आठवड्यातून तेवढंच त्या उंबऱ्याबाहेर पडत. ही गाडी गेली की ते गेलं.

"मग पोराला सांगा की सरळ," मी म्हणालो.

"कशाला वो?" काकू माझ्यावरच घसरल्या. "गुडघ्याचं नाव काढलं की त्ये ऑपरेशन काढंल. काय सांगू नगासा."

म्हणजे खरं कारण बोलायचं नाही आणि गाडीही सोडायची नाही. मग उरलं काय? दिसणं. काकांनी फोनवर तह केला. "दिसायला झकास झाली तर ठेवायची का?"

पलीकडून मुलगा हसला. "झालीच तर ठेवू. दसऱ्याला बघतो."

दुसऱ्या दिवशी स्प्रेच्या डब्यांचा खोका आला. मॅट काळा.

"काळा?" काकू म्हणाल्या. "सणासुदीला काळी गाडी?"

"काळा न्हाय. मॅट काळा."

"त्यानं काय हुतंय?"

"चकाकत न्हाय."

"मग ती हाय तशी तरी कुठं चकाकतीय?"

काकांनी खोका उचलला आणि कामाला सुरुवात केली.

आधी घासणं झालं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून काका चार दिवस गाडी घासत होते. गटारातून दूध वाहतंय असं वाटावं. मग काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. पुढच्या काचेवर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या शेटजींच्या साडूची श्रद्धांजलीची जाहिरात आली, फोटोसकट. शेटजी येता-जाता चप्पल काढून नमस्कार करू लागले.

मग धूळ बसू नये म्हणून काकांनी गाडीला मच्छरदाणी लावली. लग्नातली, डबल बेडची, गुलाबी. एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं पाण्याच्या टाकीला. आत काका, तोंडाला काकूंची जुनी ओढणी बांधलेले. रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण विचारी, "काका, गाडीला डास चावत्यात काय वो?"

आतून फक्त आवाज येई. टक-टक, टक-टक. त्या डब्यात एक गोळी असते, रंग ढवळायला. काका डबा हलवत, कानाशी नेत. मला त्यांनी मच्छरदाणीत बोलावून शिकवलंही. "ऐका, पावणं. भरलेला डबा हळू बोलतो. पोटभर जेवलेल्या माणसागत. रिकामा झाला की ठणाणा करतो."

"आपल्या गल्लीत रिकामेच जास्त," मी म्हणालो.

"तुमी बाहेर व्हा," काका म्हणाले.

वाऱ्याला मच्छरदाणी कळत नाही. आमच्या गच्चीवर वाळत घातलेला पांढरा टॉवेल एका बाजूनं राखाडी झाला. बायको तो फडकावत जाब विचारायला गेली. काकांनी टॉवेल हातात घेतला, उन्हात तिरका धरला, उलटसुलट केला आणि आनंदानं ओरडले, "वैनी, बघा! चकाकतोय का? न्हाय न्हवं? जमलं!"

अनावरणाला सगळी गल्ली जमली. काकूंनी चहा केला होता. काकांनी नाटकाचा पडदा ओढावा तशी मच्छरदाणी ओढली. गाडी काळीकुट्ट, अंगावर चकाकीचा ठिपका नाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. शेटजी पुढं झाले, गाडीभोवती फिरले आणि मनापासून म्हणाले, "अस्तर लई झकास बसलंय, काका. रंग कधी मारणार?"

"हाच रंग हाय!"

"असू दे, असू दे. घाई न्हाय."

काकूंनी तर एका शब्दात निकाल लावला. "तवा." त्या दिवसापासून गाडीचं नाव तवा. "अवो, तवा काढा, गगनबावड्याला जायचंय," असं काकू म्हणत, आणि नवीन माणूस गोंधळून जाई.

पण मला विचाराल तर तवा देखणा होता. काकांनी एकच नियम केला होता, हात लावायचा नाही. मॅट रंग घासला की तेवढीच जागा चकाकते, आणि तेल लागलं तर शोषून घेतो. पोरं, मांजरं, शेटजी, सगळ्यांना त्यांनी हे बजावून सांगितलं. घरात सांगायचं मात्र राहिलं.

खंडेनवमीला काका झेंडू आणायला गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता. इकडं काकू कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. पाटा, विळी, शिलाई मशीन पुजून झालं होतं, राहिली गाडी. देवीला लावतात तसं कुंकू त्यांनी तेलात कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध मोठं स्वस्तिक काढलं. दोन्ही बाजूंना पाचही बोटं उठवली. तेल भरपूर. वर्षाचा सण होता, हात आखडता का घ्यायचा?

काका आले. झेंडूची पिशवी तिथंच सोडून त्यांनी फडक्यानं एक बोट पुसलं. कुंकू गेलं नाही, आत गेलं. आजूबाजूची जागा मात्र आरशासारखी चकाकू लागली. आणखी पुसलं, आणखी चकाकलं.

काकूंना कळायला वेळ लागला नाही. त्या पायरीवर बसल्या. "मीच घाण केली की वो," त्या म्हणाल्या. "उद्या पोरगं यील. काय म्हणंल? आता न्हेतोय त्यो गाडी." आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. गुडघ्यांबद्दल कधी रडल्या नव्हत्या.

काका आत गेले आणि कोनाड्यातला शेवटचा डबा घेऊन आले. मी फाटकात उभा होतो. त्यांनी डबा हलवला. आवाज आला तो खालच्या पट्टीतला, जड. त्यांनी टोपण काढलं. एक हात फिरवला असता तर स्वस्तिक गेलं असतं, बोटं गेली असती, संध्याकाळपर्यंत गाडी कोरी काळी.

काकांनी बॉनेटकडं पाहिलं. मग काकूंकडं. त्यांच्या बोटांना अजून कुंकू होतं. काकांनी डबा पुन्हा कानाशी नेला, डोळे बारीक केले.

"रिकामा हाय," ते म्हणाले.

"वाजतोय की वो!"

"रिकामाच वाजतो. राहू दे आता हाय तसं." आणि डबा माझ्या हातात दिला. "व्हय का न्हाय, पावणं?"

डबा चांगला जड होता. गल्लीत माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती. पण काकांच्या भुवया अशा काही उंचावल्या होत्या, की मी म्हणालो, "अगदी रिकामा, काकू."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. गाडीभोवती फिरला आणि बॉनेटपाशी थांबला. "हे काय?"

"डिझाईन," काका घाईनं म्हणाले. "पक्कं हाय. दुसऱ्या रंगावर असलं बसत न्हाय."

मुलानं आईकडं पाहिलं. आई जमिनीकडं बघत होती. "चल आई, देवीला जाऊन येऊ," म्हणत त्यानं दार उघडून धरलं. काकू पाठमोऱ्या टेकल्या, दोन्ही पाय एकदम आत वळवले. त्यानं आधाराला पुढं केलेला हात तसाच राहिला. दार लावता लावता त्यानं आईच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

"राहू दे गाडी," तो म्हणाला. मग शेटजींच्या दुकानाकडं बघत हसला. "फक्त एक सांगा बाबा. रंग कधी मारणार?"

त्यानंतर कितीतरी रविवार तवा गगनबावड्याला गेला.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. हातात आंबा होता, तो कानाशी नेऊन हलवत होते, असं मी सगळ्यांना सांगतो. हलवत नव्हते, पण सांगायला बरं वाटतं, आणि काकूही दुरुस्त करत नाहीत.

परवा खंडेनवमीला मुलगा आला होता. आता गगनबावड्याला तो नेतो. काकू कठड्याला धरून उतरल्या, कुंकू तेलात कालवलं आणि जुन्या फिकट बोटांवर आपली बोटं नेमकी टेकवली. फडक्यानं पुसलेलं ते एक बोट तेवढं अजून चकाकतं. त्यावर त्यांनी जरा जास्त वेळ बोट ठेवलं.

मी तबक आत ठेवायला गेलो. कोनाड्यात तो डबा तसाच. मुलगा म्हणाला, "आई, हा जुना डबा टाकून देऊ?"

काकूंनी डबा घेतला, दोन्ही हातांनी. कानाजवळ नेला, दोन झटके दिले, डोळे बारीक करून ऐकलं. डबा हळू बोलला. मी छताकडं बघू लागलो.

"रिकामा हाय," काकू म्हणाल्या, आणि जपून परत कोनाड्यात ठेवला. "व्हय का न्हाय, पावणं?"