शुक्रवारी धुतलेली हाडं

ती हाडं मी धुतली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, नमाजनंतर एकटा बसलो असताना स्वतःशीसुद्धा धड नाही. आमच्या घरात आणि गावात सगळे धरून चालतात की ती माझ्या बहिणीच्या नवऱ्याने धुतली, आणि त्यापायी त्याची कतारची नोकरी गेली.

बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दुलाभाई म्हणायचो. ते सत्तरच्या दशकात रत्नागिरीहून दोह्याला गेले, ड्रायव्हर म्हणून. दहा वर्षांनी त्यांनीच माझ्यासाठी व्हिसा काढला. दोह्यातल्या अल मुंतझा भागात एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. शेजारच्या गल्लीतल्या एका जुन्या घरात आमच्या कंपनीचं उत्खननाचं सामान ठेवलेलं असायचं. तिथे मी स्टोअरकीपर होतो आणि दुलाभाई पिकअप चालवायचे. स्टोअरच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा हिवाळा. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पाण्याच्या टाकीचा पाया खणताना जुन्या कबरी लागल्या. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या असाव्यात, असं सगळे म्हणत होते. काम थांबलं आणि हाडं नंबर घातलेल्या ट्रेंमधून आमच्या स्टोअरमध्ये आली. ठरलं असं की हाडं तपासायची, प्रत्येकाचा एक दात आणि बरगडीचा छोटा तुकडा एवढंच ठेवायचं, बाकी सगळं इज्जतीने पुन्हा दफन करायचं. तपासणीसाठी परदेशातून एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने लाल झालेल्या, आमच्याबरोबर जमिनीवर बसून बिनदुधाचा सुलेमानी चहा पिणाऱ्या.

एकदा दुलाभाईंनी त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, हाडात काय एवढं लिहिलेलं असतं? मॅडम म्हणाल्या, दात लहानपणी तयार होतो. तुम्ही ज्या गावचं पाणी प्यायलात, त्या मातीतली द्रव्यं दातात बसतात ती कायमची. हाड मात्र आयुष्यभर हळूहळू बदलत राहतं. म्हणून बरगडीवरून कळतं की माणूस शेवटची काही वर्षं मासे खात होता की धान्य. दोन्ही ताडून पाहिलं की कळतं, हा इथे जन्मला की दुसरीकडून आला.

"म्हणजे मॅडम, माझा दात काढलात तर आमची विहीर निघणार?"

"निघेल."

"आणि बरगडीत?"

मी म्हणालो, "कंपनीच्या मेसची डाळ."

"गप रे! बांगडा निघेल, बांगडा," दुलाभाई म्हणाले. मॅडमना बांगडा म्हणजे काय ते हातवारे करून सांगावं लागलं.

ही विद्या तेव्हा नवीनच होती आणि तिची एक कडक अट होती. हाडांना पाणी लावायचं नाही. जुनं हाड कोरड्या ब्रशनेच साफ करायचं, कारण ते भिजलं की पाणी शोषून घेतं, आणि मग यंत्राला नळाचं पाणी दिसतं, माणूस दिसत नाही. पाणी नको, गोंद नको, उघडा हात नको. ही पाटी हिंदीत, उर्दूत आणि इंग्रजीत मीच लिहून दारावर लावली होती. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

त्या ट्रेंपैकी चौदा नंबरचा ट्रे एका म्हाताऱ्याचा होता. त्याच्या पुढच्या दोन दातांना मधोमध खाच होती. मॅडम म्हणाल्या, वर्षानुवर्षं सूत दातात धरून जाळं विणणाऱ्याला अशी खाच पडते. दातांवर लालसर डागही होते, पानाचे असतील असं त्यांना वाटत होतं. "हा समुद्रापलीकडचा असू शकतो. तुमच्या बाजूचा."

"मग गाववालाच की," दुलाभाई ट्रेकडे वाकून म्हणाले. "काय बाबा, घरून पत्र येतं की नाही?"

आम्ही हसलो. पण मला त्या खाचेवरून नजर हलवता येईना. माझ्या वडिलांच्या, बावांच्या, पुढच्या दातांना अशीच खाच होती. ते ओट्यावर बसून जाळी शिवायचे, सुताचं टोक दातात धरून. बोलायचं झालं तरी टोक सोडायचे नाहीत, तसेच दातातल्या दातात बोलायचे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बावा गेले. तार कंपनीच्या पेटीत पडून राहिली आणि माझ्या हातात आली तेव्हा नऊ दिवस उलटले होते. मी एकुलता मुलगा. आमच्यात बापाला शेवटचा गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, मुलाने घालायची असते. ती कुणी घातली हेही तारेत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजला खोलीतले सगळे गेले. अंगात कणकण आहे असं सांगून मी मागे राहिलो. दुलाभाईंच्या ट्रंकेत कफनाचं कापड आणि कापूर असायचा, उमऱ्यासाठी मक्केला गेले तेव्हा आणलेला. परक्या मुलखात आपलं आपल्याजवळ असावं, म्हणून. त्यातला कापूर मी घेतला. स्टोअर उघडलं, बाथरूममधून बादलीभर कोमट पाणी आणलं आणि चौदा नंबरचा ट्रे खाली उतरवला.

नेमानेच केलं. आधी उजवी बाजू, मग डावी. तीन वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. ओल्या कापसाने दात पुसले तेव्हा कापूस लाल झाला. तेव्हासुद्धा मी थांबलो नाही. मी रडत होतो आणि मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी इतकं बरं वाटलं होतं, ते आता सांगायची लाज वाटते. मग धुतलेल्या बनियनने एकेक हाड टिपून जागच्या जागी ठेवलं.

शनिवारी सकाळी मॅडमनी दार उघडलं आणि तिथेच थांबल्या. खोलीभर कापराचा वास. त्यांनी चौदाचं झाकण काढलं, बरगडी उचलली, बोटांना गारवा लागला असणार. स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ दातांकडे बघत राहिल्या.

साइटचा मॅनेजर, त्याला सगळे मुदीर म्हणायचे, तासाभरात आला. आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"चाबी किस किस के पास?"

दोघांनी आपापली किल्ली दाखवली.

"कपूर किसका?"

"मेरा," दुलाभाई म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले होते. त्यांना त्या क्षणी सगळं समजलं. मला बोलता यावं म्हणून ते थांबले. मुदीरने घड्याळ पाहिलं, मॅडमनी चष्मा पुसला, बाहेर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, एवढा वेळ ते थांबले. मी पाटीकडे बघत राहिलो.

"मैंने किया," दुलाभाई म्हणाले. "बुजुर्ग आदमी था. ऐसे ही पड़ा था."

मॅडमनी त्यांच्यासाठी रदबदली केली. मुदीर म्हणाला, मेलेल्यांच्या बाबतीत उद्या वरून कुणी विचारलं तर मान माझी जाईल. खलास. त्याच आठवड्यात त्याने सगळे ट्रे परत नेऊन पुरायला लावले. नमुने घ्यायचे राहूनच गेले. तो म्हातारा कुठला होता, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायला होता, हे कळायचा एकच मार्ग होता. तो मी पुसून टाकला.

दुलाभाईंचा व्हिसा रद्द झाला. बॅग भरताना मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो त्यांना."

"आता सांगून काय, दोघांना विमानात बसवतील. आणि तुझा बाप माझा सासरा नव्हता काय रे? माझापण हक्क होता की त्या आंघोळीवर." मग हसले. "जा, चहा टाक. साखर घाल जरा, परवासारखा पाणचट नको."

ते गेले. मी आणखी अकरा वर्षं राहिलो.

गावात त्यांच्या आधी बातमी पोचली होती, आणि वाटेत ती बदलली होती. कबरी उकरल्या, हाडांशी काहीबाही केलं. पूर्वी ते रजेवर गावात असताना कुणी वारलं की गुसलला पहिलं बोलावणं दुलाभाईंना असायचं. ते बंद झालं. ते बर्फाच्या कारखान्यात लागले. माझी आपा, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासमोर त्यांना म्हणायची, "कतारला लोकं कमवायला जातात. हे मुडदे धुवायला गेले." ते ताटातला काटा काढत बसायचे. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सकाळी जेवढं पाहायचं तेवढं पाहून झालं होतं.

मागच्या वर्षी ते गेले. चाळिसाव्याला आपा बायकांना सांगत होती, "माणूस सोन्यासारखा. पण तिथे काय डोक्यात शिरलं कोण जाणे. आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." एक बाई म्हणाली, जाऊ दे गं, अल्ला माफ करील. आपा म्हणाली, "अल्ला करील. मला नाय जमलं." मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

आपाला सांगायचं आहे की तिच्या नवऱ्याने काहीही केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो. हे मी तिचं देणं लागतो. ती माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते, आणि मी अजून तिला हे सांगितलेलं नाही.