कोरलेला बांध

बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी दारू सोडली, तंबाखू सोडली, जत्रेतला कोंबडाही सोडला. सुप्याच्या बाजारात लोक म्हणत, "किरिस्ताव झाला आणि माणूस सुधारला." ऐकायला गोड वाटे. एक गोष्ट मात्र सुटली नव्हती, आणि ती कुणाला दिसत नाही असं मी धरून चाललो होतो. मी बांध कोरत होतो.

माझ्या शेताला लागून थोरल्या भावाचं शेत. तो तापाने गेल्यावर वहिनी एकटीच ते करी. आमच्याकडे लावणीआधी बांधाचं गवत कुदळीने तासतात, वर चिखल लिंपतात. तासताना मी माझ्या बाजूने हात जरा आत घाली, आणि वहिनी घरी गेली की तिच्या बाजूने चिखल थापी. बांध जाडीला होता तेवढाच राही, फक्त दरसाल तिच्याकडे सरके. पूर्वी हे भीत भीत करी. बाप्तिस्म्यानंतर भीती गेली. भावकीने मला वाळीत टाकलं होतं, पाणवठा तोडला होता. मग एवढी माती माझ्या हक्काचीच, असं मी मनाशी म्हणे. प्रार्थनेत हा विषय कधी निघू दिला नाही.

त्या साली चर्चच्या मंडळीने मला वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारा पंच, नेमायचं ठरवलं. त्यासाठी लोंढ्याहून पाद्रीसाहेब यायचे होते. त्याच आठवड्यात कुदळ घेऊन मी बांधावर गेलो. वहिनीची लावणी उरकली होती, माझी व्हायची होती; पण बांधाच्या कडेने तिने एक पट्टा मोकळा सोडला होता. नुसता चिखल.

"वयनी, हितं रोप कमी पडलं काय?"

"न्हाई भावजी. ते तुमचं हाय."

"माझं?"

"दरसाली न्हेताय न्हवं? लावल्यालं रोप चिखलाखाली बुजतंय. औंदा आधीच सोडलं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "तुमचा देव समदं बघतोय म्हणं. त्याला तरी किती बघाया लावायचं?"

एवढं बोलून ती इरलं सावरत दुसऱ्या वाफ्याकडे गेली. शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो.

पाद्रीसाहेब आले तसं त्यांना पडवीत बसवून मी सगळं सांगून टाकलं.

"बाप्तिस्म्यानंतरही कोरलास?"

"नंतरच जास्त."

मी गुडघे टेकायला लागलो, तर ते म्हणाले, "प्रार्थना मागनं करू. आधी कुदळ घे."

वाटणीच्या वेळी बाबांनी हद्दीच्या धोंड्याखाली कोळसा पुरला होता. कोळसा कुजत नाही म्हणून. धोंडा मीच केव्हाचा हलवला होता, पण जागा मला ठाऊक होती. खणलं. माझ्या वाफ्याच्या पार आत कोळशाची काळी माती निघाली. वहिनी बघायला आली होती. तिचा हात तोंडाशी गेला.

"एवढं?"

तिलाही एवढं माहीत नव्हतं. तिच्या हिशेबापेक्षा मोठी चोरी मीच तिला दाखवली होती, आणि नवल म्हणजे त्याच घटकेला माझी छाती मोकळी झाली. जुना बांध फोडून तिथे नवा घातला. तिच्याकडे रोप उरलं नव्हतं, ते माझ्या तरव्यातलं उपटून लावलं.

मला वडील नेमलं नाही. बाजारात लोक म्हणाले, "तरी म्हटलं, एवढा कसा सुधारला!" मीही त्यांच्यात हसलो. पुढे दरसाल मी बांध तासायला लागलो की वहिनी येऊन पलीकडे उभी राही. ते रास्तच होतं. मला त्याचा राग येईना, तेव्हा कुठे आपल्यात काही बदललंय असं मला पहिल्यांदा वाटलं.

यंदा तिची आई आजारी पडली आणि ती खानापुराकडे माहेरी निघाली. गाडीत बसता बसता म्हणाली, "भावजी, माझ्या अंगचा बांध बी तुमीच लिंपा. मला याया उशीर हुईल."

"व्हय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेतात मी एकटाच होतो. दोन्ही अंगांनी चिखल लावला, ओढ्यावर पाय धुतले, घरी येऊन पोटभर जेवलो आणि पडल्या पडल्या झोप लागली.