देवदूताचा आखूड हात

देवानं माणूस घडवला तेव्हा माझे थोरले साडू शेजारी उभे नव्हते, नाहीतर जगात एकही नाक वाकडं राहिलं नसतं. अर्थात माणूस अजून तयारही झाला नसता. तलासरीच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर मसोलीच्या घरी बसून उरलेल्या जगाच्या वह्या तपासायला घेतल्या. लग्नाला गेले की अक्षता पडेपर्यंत मांडवाची कमान किती कलली आहे ते त्यांनी मला सांगितलेलं असे. एकदा उधव्याला भिंतीवर गोल फेराचा तारपा नाच रंगवणाऱ्या वारली बाईंना त्यांनी खिशातून कंपास काढून गोल कसा आखावा ते दाखवलं. बाईंनी तो गोल नीट निरखला. म्हणाल्या, "सर, गोल बेस झाला. पण यात नाचंल कोण?" साडू त्यालाही कौतुकच समजले.

२०१७च्या दिवाळीत आम्ही दोन्ही जोडपी गोव्याला गेलो. तिथल्या एका प्रसिद्ध चर्चमध्ये शिरताच सोन्यानं मढलेली वेदी, पिळाचे खांब, द्राक्षवेली आणि त्यांतून डोकावणारे देवदूत बघून माझी बोलतीच बंद झाली. साडूंची सुरू झाली. दोन खांबांचे पीळ जुळत नव्हते म्हणे. हळूहळू भोवती दहा-बारा प्रवासी जमले, तसा त्यांचा आवाज वर्गातला झाला. एका देवदूताकडे बोट रोखून ते म्हणाले, "हा डावा हात दोन इंच आखूड आहे. माझ्या सातवीच्या पोरालाही मी पुन्हा काढायला लावला असता."

लोक हसले. पुढच्या एका बाकाचा मोडका पाय एक म्हातारे सुतार दुरुस्त करत बसले होते. ते उठून आले आणि कोकणी वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाले, "आखूड आहे, खरं. जुना हात वाळवीनं खाल्ला. जुनं लाकूड तेवढंच उरलेलं. मीच केला तो."

साडूंनी बोट खाली घेतलं. गर्दी पांगली. मग ते त्या सुतारांशेजारी बाकावर बसले आणि लाकूड कुठलं, जोड कसा लपवला, असं अर्धा तास विचारत राहिले. निघताना त्यांनी आधी वेदीला हात जोडले, मग सुतारांना.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "तलासरीत एका रंगपेटीवर चार-चार पोरं बसायची. मी फक्त रंग कुठे कमी पडला ते सांगायचो."

पुढच्या वर्षी गणपती आणायला मी त्यांच्यासोबत गेलो. मूर्तिकार दरसालाप्रमाणे बोलणी खायला सज्ज उभा होता. साडूंनी मूर्ती सगळीकडून पाहिली आणि "छान झालीय" एवढंच म्हटलं. मूर्तिकारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

रिक्षात मूर्ती मांडीवर धरून बसलेले साडू थोड्या वेळानं माझ्याकडे झुकले. म्हणाले, "उजवा कान जरा लहान आहे. शेवटची मूर्ती असेल, हात दमला असेल त्याचा." आणि त्या कानावरची धूळ त्यांनी हलकेच रुमालानं टिपली.