पुठ्ठ्याच्या कारखान्याचे शेअर

ब्रह्मपुरीच्या मुलींच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते, तेव्हा गावाबाहेर पुठ्ठ्याचा कारखाना निघाला. धानाची तणस, म्हणजे पेंढा, शिजवायची, लगदा करायचा आणि त्याचे पुठ्ठे काढायचे. तणशीला आमच्याकडे तोटा नव्हता. कारखाना काढणारे धानगिरणीचे मालक स्वतः शाळेत येऊन शेअर घ्या म्हणाले. दहा रुपयांना एक.

मी पोस्टातली सगळी शिल्लक काढून त्यात घातली. पोस्टातला पैसा बुडत नव्हता, पण वाढतही नव्हता. लहान कारखाना चालला तर पैसे दुप्पट होतील, नाही चालला तर मी चोवीस वर्षांची आहे, पुन्हा साठवीन, असा माझा विचार.

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. त्यांनी शेअर घेतले नाहीत.

"मले यातलं काई समजत नाई," त्या म्हणाल्या. "नोकरीचे तीन वर्षं राह्यले. आता पैसा गेला तं पुन्हा कुठून आणू?"

बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. मी मात्र सगळ्या शिक्षिकांसमोर म्हटलं, "मोठ्या बाई नोटा उशीत भरून झोपतील." सगळ्या हसल्या. त्याही हसल्या.

पुढं दोन वर्षं डिव्हिडंड चांगला मिळाला. दुसऱ्या वर्षी त्यातून मी मनगटी घड्याळ घेतलं आणि मुद्दाम त्यांच्या टेबलावर काढून ठेवत असे. "अजून विचार करताय का बाई?" असं विचारत असे. त्या घड्याळाकडे बघत.

तिसऱ्या वर्षी कारखान्यातला एक मिस्त्री त्याच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला. मधल्या सुट्टीत वर्गात मी एकटीच होते.

"काऊन काढता पोरीले?" मी विचारलं.

"बॉयलर फुटला बाई. मालक नवा घेत नाई. दोन महिन्यांपासून पगार नाई. आम्ही गोंदियाले चाललो." मग आवाज उतरवून म्हणाला, "कोणाले सांगू नका. माहा पगार अडकला हाय."

दाखल्यावर सहीसाठी मी मोठ्या बाईंकडे गेले. शाळा सोडण्याचं कारण त्यांनी विचारलं. "वडिलांची बदली," मी म्हटलं. त्यांनी तसं लिहून सही केली.

त्याच आठवड्यात मी माझे शेअर विकायला निघाले. किराणा दुकानदार, पोस्टमास्तर, कापडवाला, सगळ्यांना विचारलं. भाव अठरा म्हणून सगळेच सांगत, पण घेईना कोणी. मोठ्या कंपनीचा शेअर मुंबईच्या बाजारात कुणीही अनोळखी माणूस घेतो. आमच्या शेअरला गिऱ्हाईक गावातच, ओळखीतलंच शोधावं लागत होतं. हे घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यातच मोठ्या बाई निवृत्त झाल्या. फंडाचे पैसे हातात आल्यावर त्या माझ्या खोलीवर आल्या. पदराचं टोक चाळवत बोलायला लागल्या.

"तुह्याजवळचे थोडे शेअर मले देशीन का? तू एवढी म्हणत होती. मीच भेकड."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "बाजारात अठरा चाललाय. तुम्ही म्हणून अठराला देते."

"अठरा तं अठरा. तू काई मले फसवणार नाई."

त्यांनी थोडे मागितले होते. मी बोलत बोलत सगळे गळ्यात घातले, आणि माझ्याकडे आता एकही उरला नाही हे सांगितलं नाही. कागदावर त्यांनी आनंदानं सही केली.

दोन महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं. मालक नागपूरला निघून गेले. भाडं परवडेना म्हणून मोठ्या बाईंची खोली सुटली आणि त्या गडचिरोलीला पुतण्याकडे गेल्या. त्यांच्या जागेवर माझी नेमणूक झाली.

पुढं शाळा तपासणीत एका जुन्या रजिस्टरवर त्यांची सही राहिल्याचं निघालं. म्हणून मी गडचिरोलीला गेले, एरवी गेले नसते. डोंग्यानं वैनगंगा ओलांडली, पुढं मोटार. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून पुतणसुनेला हाक मारली, "आमच्या शाळेतली बाई हाय ही, लई हुशार!"

सून दारातूनच म्हणाली, "हुशार असन तं तुमच्यासारखा पैसा पाण्यात नसन टाकला." चहा एकच कप आला, माझ्यासाठी. "तुमचा झाला न सकाळी," ती त्यांना म्हणाली.

ती आत गेल्यावर मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "तुह्यापाशी राह्यलेले शेअरही बुडाले असतील ना वं? मले लई वाईट वाटते. मी घेतले म्हणून तुहे थोडे तरी वाचले."

"हो," मी म्हटलं. "बाकीचे बुडाले."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रजिस्टर उघडून सहीची जागा दाखवली. सही झाल्यावर शाई वाळेपर्यंत थांबले आणि दुपारच्या मोटारीनं परतले. त्यांना शेअर विकून आलेल्या पैशातून मी शाळेजवळ दोन खोल्या बांधल्या होत्या. गिलावा तेवढा राहिला होता, तो त्या उन्हाळ्यात करून घेतला.