चाचांचा चौथा हिस्सा

तांड्यात डाळ मिल टाकायला पैसे हवे होते, नाहीतर तूर कच्चीच विकावी लागायची. मी तांड्यातला पहिला ग्रॅज्युएट, म्हणून आई आणि तिच्या बचत गटाच्या बायकांनी मलाच बोलायला पुढे केलं. पांढरकवड्याच्या गॅरेजवाल्या चाचांना मी म्हटलं, "मदत करा, पुण्य लागेल."

चाचा भडकले. "खैरात मागून राह्यला काय? मी पैसे लावतो, नफ्यात चौथा हिस्सा घेईन. अन् मशीन बायाच चालवतीन."

"त्यांना जमंल काय?"

"तुले येते काय, ग्रॅज्युएट?"

बायका खो खो हसल्या.

मिल बसली, आणि चाचांनी महिनाभर येऊन त्यांना मशीन चालवायला शिकवलं. हंगाम संपल्यावर आई हिस्सा द्यायला गेली. चाचांनी तो बिनदिक्कत खिशात घातला. आई घरी येऊन ऐटीत म्हणाली, "आपल्या पार्टनरनं हिस्सा घेतला."

चाचांचे आभार मी तो हिस्सा घेतल्याबद्दलच मानतो.