तिच्या नावाची पुस्तकं

माझी पहिली कादंबरी ज्यांनी छापली, त्यांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा होता. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा होता. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. सराई संपली की मशीन रिकामं पडायचं. त्या रिकाम्या महिन्यांत ते पुस्तकं काढायचे. छोट्या, हलक्या, प्रेमाच्या कादंबऱ्या. त्या ते ठाणे, वसई, पालघरपर्यंतच्या वाचनालयांना स्वतः नेऊन द्यायचे.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला वन रूम किचन घेतलं होतं. मुलगी शाळा संपवून कॉलेजात जायला लागली होती. मला लिहायची हौस जुनी, पण पंचायत अशी की मला फक्त प्रेमाचंच लिहिता यायचं. ऑफिसातले मित्र वैचारिक लेख लिहायचे, कविसंमेलनांना जायचे. मी डब्याची वेळ होईपर्यंत, सकाळी स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर बसून, कोण कुणाला कसं आवडू लागलं ते लिहीत असे. बायको बाजूला पोळ्या लाटत असायची. लिहून झालेलं पान मी तिला वाचून दाखवायचो. तिला वेगळा वेळ नव्हता, म्हणून पोळ्यांच्या वेळीच.

प्रकाशकांनी माझी कादंबरी वाचली आणि आवडली म्हणाले. मग जरा घुटमळले.

"साहेब, एक अडचण आहे. पुरुषाच्या नावाची प्रेमकथा लायब्ररीत पडून राहते. बायका आधी नाव बघतात, मग पुस्तक उचलतात. तुमच्या मिसेसचं नाव घातलं तर चालेल का?"

मी घरी येऊन तिला विचारलं. मला वाटलं, ती हसेल किंवा रागावेल. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "घाला. पण माझं नाव घालताय तर जरा नीट लिहा. माझ्या माहेरची माणसं वाचतील."

आणि ते तिने खरंच मनावर घेतलं. तोवर ती नुसती ऐकायची, आता बोलू लागली. त्या पहिल्याच कादंबरीत एक प्रसंग होता. नवरा वचन देऊन आलेला नाही आणि नायिका खिडकीशी उभी राहून रडते आहे. मी वाचून दाखवलं, तर तिने लाटणं थांबवलं.

"ती रडणार नाही."

"का?"

"रडायला वेळ कुठाय तिला? ती भांडी घासायला घेईल. आणि जोरात घासेल. शेजारणीला कळेल की आज काहीतरी झालंय."

मी ते तसंच लिहिलं. पुस्तक आल्यावर प्रकाशक म्हणाले की वाचनालयांतल्या बायका त्या भांड्यांबद्दलच बोलतात. मी घरी सांगितलं तेव्हा ती नुसतं "बघा" म्हणाली आणि दिवसभर गुणगुणत होती.

अशी बरीच पुस्तकं झाली. कथानक माझं, वर्णनं माझी, अक्षर माझं. पण नायिका बोलायला लागली की मी थांबायचो आणि वर बघायचो. ती पिठाच्या हातांनी विचार करायची, मग सांगायची. दुसऱ्या एका छोट्या प्रकाशनानेही, दादरच्या, दोन पुस्तकं काढली. त्यांनी पुस्तकाच्या मागे लेखिकेचा फोटो मागितला. ती स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली. नव्या साडीतला, जरा ताठ बसलेला. तो फोटो पाहून मुलगी म्हणाली, "आई, तू अगदी लेखिका दिसतेस." आम्ही तिघंही हसलो. हे गुपित घरातलं होतं आणि आम्हाला ते गोड वाटायचं. कुणाला फसवतोय असं कधी मनात आलं नाही.

आमच्या घराजवळ, बाजाराच्या मागच्या गल्लीत एक वाचनालय होतं. ते चालवणाऱ्या ताई एकट्या होत्या. माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू ठेवलं आणि लेखिकेला पाहुणी म्हणून बोलावलं. बायको घाबरली.

"मी काय बोलू तिथे? तुम्हीच सांगा काहीतरी लिहून."

मी तिला छोटंसं भाषण लिहून दिलं. तिने ते पर्समध्ये ठेवलं आणि तिथे बाहेरच काढलं नाही. पुस्तकांच्या कपाटांमधल्या जागेत सतरंज्या टाकून बायका बसल्या होत्या. मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो, बायकोला न्यायला आलेला नवरा म्हणून. आमच्यासारख्याच घरांतल्या बायका. कुणी चाळीतून आलेल्या, कुणी नोकरी करणाऱ्या. त्यांनी तिला खूप विचारलं आणि तिने सगळ्यांना सरळ, गप्पा मारल्यासारखी उत्तरं दिली. मग एका तरुण बाईने विचारलं, "ताई, तुम्हाला इतकं प्रेमाचं सुचतं तरी कसं?"

बायको म्हणाली, "जे मिळतं ते कुणी लिहीत बसत नाही. जे मिळालं नाही, ते सुचतं."

कुणीतरी मान हलवली. मी दाराशी बसून समोरच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत राहिलो.

घरी चालत येताना मी तिला विचारलं, "ते मघाशी म्हणालीस, ते खरं का?"

"कुठलं?"

"ते, मिळालं नाही ते सुचतं म्हणून."

ती हसली. "अहो, त्या बायकांना काहीतरी मोठं वाक्य हवं होतं. दिलं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही इतका कसला विचार करताय?"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण विचारून तरी ती काय म्हणाली असती, कोण जाणे. आमचा संसार वाईट नव्हता. मी दारू पीत नव्हतो, हात उगारत नव्हतो, पगार घरी आणत होतो. पुस्तकांतल्या पुरुषांसारखं तिला कधी काही म्हणालो नव्हतो, हेही खरं. ते सगळं मी सकाळी कागदावर लिहायचो आणि तिला वाचून दाखवायचो. मला वाटायचं, तिला ते पोचतंय.

मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेतल्या. मग वजन उतरलं. परळच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मी बाहेर आल्यावर तिने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊन घेऊ. तुम्ही सकाळपासून उपाशी आहात."

त्या दिवसांत मी एक कादंबरी लिहीत होतो. एसटी स्टँडवर कँटीन चालवणारी बाई आणि बदलून आलेला डेपो मॅनेजर. मी ती बाजूला ठेवली. तिने ठेवू दिली नाही. "वाचा," म्हणायची. पोळ्या आता शेजारच्या वहिनी करून द्यायच्या, आणि बायको पलंगावर पडून ऐकायची. डोळे मिटलेले असायचे. मला वाटायचं झोप लागली, तर मध्येच ओठ हलायचे.

"तो विचारतो तिला, लग्न करशील का. ती काय म्हणते?" मी विचारलं.

"आत्ता काही नाही म्हणत."

"मग?"

"आधी गिऱ्हाइकाचा चहा देते. गिऱ्हाईक उभं आहे ना."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "बघू उद्या."

उद्या तिला बोलायची ताकद नव्हती. परवाही नव्हती. मुलगी आली, आणि दोन्ही बाजूंना आम्ही बसलेले असताना, एका सकाळी, ती गेली.

प्रकाशक घरी आले. माझा हात धरून बसले. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी गाळ्यातून निघालेल्या दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर काळ्या चौकटीत बातमी छापली, की लेखिका गेल्या. मला विचारून छापली. मी हो म्हणालो. खोटं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर लोक यायला लागले. नातेवाईक येऊन गेले होते, हे वेगळे. वाचनालयातल्या बायका दोघी-तिघी मिळून यायच्या, कुणी मीरा रोडवरून, कुणी विरारहून. खुर्चीच्या टोकावर बसायच्या आणि मला माझीच पुस्तकं सांगायच्या. एक नर्स होती. ती म्हणाली, नवऱ्याशी भांडण झालं की मी त्यांचं पुस्तक घेऊन गच्चीवर जाते. एक म्हातारी बाई फोटोपुढे फूल ठेवून रडली. तिने मला विचारलं, "एवढी बाई तुमच्या घरात होती. तुम्ही वाचायचात का तिची पुस्तकं?"

"वाचायचो," मी म्हणालो.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाई गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, सांगून टाका ना लोकांना. तुमचं आहे ते. तुम्ही लिहिलंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचं कौतुक नको का व्हायला?"

"ती म्हातारी कुणासाठी रडली?" मी विचारलं. "माझ्यासाठी रडली असती का?"

पण मला तिला खरं कारण सांगता आलं नाही. लोक बायकोला माझी बायको म्हणून विसरणार होते, वर्षभरात विसरले असते. लेखिका म्हणून ती अजून काही दिवस कुणाच्या तरी तोंडी राहणार होती. ते मी कसं काढून घेणार?

पुढच्या सराईनंतर प्रकाशकांनी अर्धवट कादंबरीबद्दल विचारलं. "पुरी करा. त्यांचं शेवटचं पुस्तक म्हणून काढू. लायब्ररीवाले वाट बघताहेत."

मी बसलो. टेबल तेच, सकाळ तीच. डेपो मॅनेजर बोलत होता, एसट्या येत-जात होत्या, पण कँटीनवाली बाई तोंड उघडेना. मी तिच्या तोंडी वाक्यं घालायचो. ती छापील वाटायची, कुणीतरी लिहून दिलेल्या भाषणासारखी. मी वर बघायचो आणि समोर रिकामा ओटा असायचा. एकदा शेजारच्या वहिनींना वाचून दाखवावं असं मनात आलं, पण ते बरोबर वाटलं नाही.

कशीबशी कादंबरी संपवली. त्या दोघांचं लग्न लावून दिलं. मग गाळ्यावर जाऊन प्रकाशकांना म्हणालो, "हे तिच्या नावावर नको. हे तिने ऐकलेलं नाही."

त्यांनी पानं चाळली.

"मग तुमच्या नावावर काढू," ते म्हणाले. "विकली जाणार नाही, ते आधीच सांगतो. पण मी काढतो."

त्यांनी काढली. कागद चांगला वापरला, मुखपृष्ठही नेटकं केलं. माझं नाव पुस्तकावर मी पहिल्यांदाच बघत होतो. त्याचा आनंद होईल असं मला तरुणपणी वाटायचं. मी एक प्रत पिशवीत घालून वाचनालयात ताईंना नेऊन दिली.

पंधरवड्याने मी तिकडून चाललो होतो, तर त्यांनीच हाक मारली.

"भाऊ, वाचलं तुमचं पुस्तक."

"कसं वाटलं?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. फटकळ बाई, पण त्या दिवशी शब्द शोधत होत्या. "प्रयत्न चांगला आहे. वहिनींची आठवण म्हणून लिहिलंत, ते कळतंय. पण वहिनींची सर नाही हो. तुमची ती कँटीनवाली, सुरुवातीला काय बोलते, काय वागते, आणि नंतर एकदम लाकडासारखी होते."

"हो," मी म्हणालो. "नाही जमलं."

"वाईट वाटून घेऊ नका."

"नाही. तुम्ही बरोबर बोललात."

त्यांना कुठलं पान म्हणायचं आहे ते मला माहीत होतं. चहा देते, तिथवर. घरी आलो, दार लावून घेतलं आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

त्यानंतर मी लिहिलं नाही. निवृत्त झालो. वाचनालय बंद झालं, त्या जागी मोबाइलचं दुकान आलं. प्रकाशकांच्या मुलाला पुस्तकांत रस नव्हता. गाळा विकायची वेळ आली तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं की तुमच्या मिसेसच्या पुस्तकांचे उरलेले गठ्ठे आहेत, रद्दीत घालवत नाही, घेऊन जा. मी ते टेम्पोतून घरी आणले. मुलगी म्हणाली, एवढ्याचं करणार काय? मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा मला बीपीच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. तिथे बाकड्यांवर बायका तासन्‌तास नंबराची वाट बघत बसलेल्या असायच्या. मी तिथल्या सिस्टरांना विचारून, जाताना पिशवीतून पाच-सहा पुस्तकं न्यायला लागलो. खिडकीशी ठेवून द्यायचो. पुस्तकं परत यायची नाहीत. मीही विचारायचो नाही.

एकदा माझ्या बाजूला एक बाई बसली होती. मांडीवर लहान पोर झोपलेलं, हातात बायकोचं पुस्तक आणि नंबराची चिठ्ठी. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं आणि जायचं. आतून नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. तिचं लक्ष नव्हतं. मला तिला उठवावंसं वाटेना.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर मी म्हणालो, "ताई, तुमचा नंबर आलाय."

तिने बोट पानात घालून पुस्तक मिटलं, पोराला खांद्यावर घेतलं आणि आत गेली.